६०० एमएम लावूनही गरुड ठिपक्याएवढाच! नाशिककरांनो, मार्ग सुचवा

उनाडवारा

नमस्कार मंडळी.

राहायला इंदिरानगर, नोकरी अंबडला. गेल्या हिवाळ्यापासून पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. सुरुवात खंड्या-बगळ्यांपासून झाली, आता डोक्यात फक्त गरुड. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सर (फुलफ्रेमपेक्षा लहान). लेन्स १५०-६०० एमएमची झूम, सेकंडहँड.

नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने गेलं की गरुड दिसतो, नाही असं नाही. पण कुठे, तर पाण्यापलीकडच्या वठलेल्या झाडावर. घरी येऊन फोटो मोठा केला की चोच कुठली, डोळा कुठला काही कळत नाही. सगळं साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तीच गत.

फेसबुकवर मात्र लोकांचे फोटो असे की पिसन् पीस मोजून घ्यावं. एका ग्रुपवर विचारलं तर एक जण म्हणाला, "चिखलात उतर, गवतातून रांगत जा, पन्नास फुटांपर्यंत पोचता येतं." दुसरा म्हणाला, टेलिकन्व्हर्टर घे, म्हणजे लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड. तिसरा म्हणाला, ही लेन्स विक आणि प्राइम, म्हणजे झूम नसलेली मोठी लेन्स घे. किंमत ऐकून मी फोन ठेवला.

तर सांगा. जवळ जायचं कसं? की लेन्सच अजून लांब पल्ल्याची हवी? की नाशिकच्या आसपास अशी एखादी जागा आहे जिथले गरुड जरा माणसाळलेत?

गणितवाले_काका

आधी वही काढू, मग पाकीट.

बसलेला गरुड उंचीला धरा ६५ सेंमी. ६०० एमएमने १०० मीटरवरून त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा होते ३.९ मिमी. तुमच्या सेन्सरची उंची १५.६ मिमी. म्हणजे गरुड चौकटीचा पाव भाग व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एका मिमीत साधारण २५५ पिक्सेल बसतात, तेव्हा गरुड झाला हजार पिक्सेल उंच. हे अजिबात वाईट नाही. वहीएवढी प्रिंट आरामात निघेल.

आता तोच गरुड २५० मीटरवर न्या. उरले ४०० पिक्सेल. त्यात डोकं जेमतेम पन्नास-साठ पिक्सेलचं. डोळ्याच्या वाट्याला काय येणार?

तुमचं ते पलीकडचं झाड किती लांब आहे, हे गूगलच्या नकाशावर मोजून पाहा. बहुतेकांना १०० मीटर वाटतं ते २५०-३०० निघतं. पाण्यावरून अंतराचा अंदाज नेहमी कमीच येतो.

टेलिकन्व्हर्टरचं म्हणाल तर १.४ लावला की एफ ६.३ चं एफ ९ होतं. प्रकाश निम्मा, फोकस मंद, आणि मधली हवा तीच. माझं मत: नको.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. उडणारा गरुड बसलेल्यापेक्षा मोठा असतो. टॉनी ईगलचा पंखविस्तार १.७ मीटरच्या आसपास. १०० मीटरवर पंख पसरून गेला तर ६००० पैकी २६०० पिक्सेल त्याचेच. झाड सोडा, आकाश धरा.

सिडकोचा_राजा

काका, एवढं गणित बारावीत केलं असतं तर मी आज दुसरीकडे असतो 😀

भाऊ, सरळ सुपरझूम घ्या. माझ्याकडे निकॉन पी९०० आहे. २००० एमएम! गळ्यात अडकवायचा नि चालू लागायचं. ट्रायपॉड नको, जिम नको.

गणितवाले_काका

राजे, हसू नका, कागदावर तुम्ही जिंकता. पी९०० चं खरं फोकल लेंग्थ ३५७ एमएमच आहे, २००० हा फुलफ्रेमच्या हिशेबातला आकडा. पण सेन्सर नखाएवढा आणि त्यात १६ मेगापिक्सेल कोंबलेले, त्यामुळे १०० मीटरवरच्या त्याच गरुडावर १७०० च्या वर पिक्सेल पडतात. उनाडवाऱ्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त.

पण पिक्सेल म्हणजे तपशील नव्हे. प्रकाश आत येणारं भोक बघा: तुमचं ५५ मिमी, त्यांचं ९५. भर उन्हात बसलेला पक्षी ओळखायला पी९०० उत्तम, मीही सुचवतो. ढगाळ सकाळी, उडता पक्षी, तो फोकसमध्ये सापडेपर्यंत सिन्नरला पोचलेला असतो.

दुर्बीण

साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं म्हणालात, तिथेच रोग कळला. तुमची लेन्स बरी आहे. हवा हलतेय.

जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते. डांबरी रस्त्यावर दुपारी लांब पाणी चमकल्यासारखं दिसतं ना, तोच प्रकार, फक्त कमी प्रमाणात. नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, ६०० एमएमला लगेच जाणवतं. कितीही लाखाची लेन्स लावा, ही थरथर तीही टिपणारच. उलट जितकी लांब लेन्स तितकी थरथर मोठी.

ओळखायचं कसं? एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा-पंधरा फोटो बर्स्टमध्ये काढा आणि शेजारी शेजारी लावून पाहा. प्रत्येक फोटोत पक्ष्याची कड वेगळ्याच ठिकाणी वाकडी, एक जरा तीक्ष्ण, पुढचा पुन्हा मऊ, असं असेल तर हवा. सगळेच सारखे मऊ आणि पक्ष्यामागची फांदी मात्र छान, तर फोकस. सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं असेल तर हात हलला किंवा शटर कमी पडलं. ही परीक्षा केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

निफाड पट्ट्यात यावर निसर्गानेच उतारा दिलाय. डिसेंबर-जानेवारीत तिथलं तापमान एक आकडी होतं, पेपरात दरवर्षी बातमी असतेच. त्या थंडीत सूर्य वर आल्यावरचा पहिला दीड-दोन तास हवा स्थिर असते. धुकं मात्र असू शकतं, ते विरेपर्यंत चहा घ्या. साडेनऊ-दहानंतर लांबचा बसलेला पक्षी विसरा.

पण गरुड त्याच वेळी उठतात! जमीन तापून गरम हवेचे स्तंभ तयार झाले की पंख न मारता त्यांवर चढतात. म्हणजे सकाळी बसलेले, दहानंतर डोक्यावर उडणारे. वर बघून काढलेल्या फोटोत थरथर बरीच कमी असते, कारण जमिनीलगतच्या तापलेल्या थरातून आडवं बघायचं नसतं. काकांचं "आकाश धरा" इथेही लागू.

गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद, काच पूर्ण खाली, हीटर सुरू केला असेल तर तोही आधीच बंद. गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर जाते ती नेमकी लेन्ससमोरून. बॉनेटवरून तर काढूच नका.

लासलगावचा

मी फोटोवाला नाही. गोदाकाठी शेती आहे, कांदा आणि थोडी द्राक्षं. पण तुमच्यासारखे बरेच जण आमच्या बांधावरून जातात म्हणून लिहितो.

पाखरू गाडीला घाबरत नाही. ट्रॅक्टर शेजारून गेला तरी विजेच्या खांबावरचा गरुड मान वळवून बघतो नि बसून राहतो. मोटारसायकलवाला भर्रकन गेला तरी काही नाही. पण गाडी थांबली, दार वाजलं आणि एक माणूस हातात लांब नळकांडं घेऊन वाकून वाकून चालायला लागला की संपलं. वाकून चालणारा माणूस त्याला शिकारीच वाटणार, दुसरं काय वाटेल?

तेव्हा जवळ जायचंच असेल तर गाडीतून उतरू नका. आणि रांगत तर मुळीच नका, आमच्या गव्हात ठिबकच्या नळ्या असतात. शेतात पाऊल टाकायचं तर मालकाला आधी राम राम घाला. नाही कुणी म्हणत नाही, चहासुद्धा मिळतो. न विचारता घुसलं की मग आवाज चढतो.

दुसरं, तो रोज त्याच जागी येतो. आमच्या चारीवर एक वाळलेली बाभूळ आहे, थंडीत तिच्यावर एक मोठं तपकिरी पाखरू सकाळी असतंच असतं. पाठलाग करण्यापेक्षा आधीच जाऊन लांब थांबलेलं बरं.

उनाडवारा

दादा, बाभूळ कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? 🙏

लासलगावचा

आधी राम राम.

येवलेकरीण

😂 दादांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

उनाडवारा, मी शाळेत शिकवते, रविवारी ममदापूरला जाते. येवला तालुक्यातलं काळविटांचं संवर्धन राखीव क्षेत्र. तिथे पाणथळ नाही, गवताळ माळ आहे, त्यामुळे पाहुणेही वेगळे. हिवाळ्यात भोवत्ये (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात, माँटेग्यूचे आणि पॅलिड दोन्ही. सापमार गरुड तर माझा सगळ्यात लाडका. घुबडासारखं मोठं डोकं, पिवळे डोळे, आणि शिकार शोधताना एका जागी हवेत पंख मारत थांबतो. एवढा मोठा पक्षी असा लटकलेला बघितला की फोटो काढायचं भान राहत नाही. थांबतो म्हणून फोकस मात्र सोपा, नवशिक्याला याच्याइतका सोयीचा गरुड नाही.

उभं कुठे राहायचं हे लेन्सपेक्षा महत्त्वाचं. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचा वारा बऱ्याचदा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, आणि सूर्यही पूर्वेलाच. म्हणजे पक्ष्याच्या पूर्वेला उभं राहिलं की ऊन तुमच्या पाठीवर, वारा तुमच्या पाठीवर, आणि उडाला तर येतो तुमच्याच दिशेने. लोक पश्चिमेला गाडी लावतात नि मग काळी आकृती आणि शेपटी घेऊन घरी जातात.

बसलेला उडणार कधी हेही तो सांगतो. अंग आवळून पिसं चपटी करतो, पुढे झुकतो, बहुतेकदा शीट टाकतो. त्या क्षणी बटण दाबायला बोट तयार पाहिजे. पण हेच सगळं तो तुमच्याकडे रोखून बघत करत असेल तर तुम्ही जास्त जवळ गेलात. मागे व्हा. स्टेपी ईगल कझाकस्तान-मंगोलियाकडून उडत येतो, २०१५ पासून जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. आपल्या एका लाइकसाठी त्याला दहा वेळा उडवायचं?

आणि संध्याकाळी माळावर गाडी घालू नका, ही विनंती. भोवत्ये रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात.

दुर्बीण

+१. आणि चिखलात उतरायचा सल्ला देणाऱ्याला सांगा, नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. वाट सोडून उतरलात तर वनखात्याची माणसं हटकतील आणि हटकायलाच हवं. बंधाऱ्यामागे शंभर वर्षांचा गाळ साचून ती बेटं नि दलदल तयार झालीय, पाय मांडीपर्यंत जातो. शिवाय तुम्ही एक गरुड गाठायला निघणार आणि वाटेतली हजार बदकं उठवणार.

त्या बदकांचा उपयोग वेगळा करा. पाण्यावरचे सगळे वारकरी पक्षी आणि बदकं एकदम गोळा होऊन कडेला सरकली किंवा थवाच्या थवा उठला, की आकाशात बघा. कोणीतरी येतंय. बऱ्याचदा दलदली भोवत्याच निघतो, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून बोरूच्या रानावरून खालून खालून जाणारा. पण कधी कधी नाही निघत.

झूमकुमार

सगळे प्रवचनच देताय. त्या बिचाऱ्याला फोटो हवाय. उनाडवारा, अंजनेरीच्या डोंगरावर मोरघारीचं (हाही गरुडच) घरटं आहे, कड्यावर समोरून एकदम स्वच्छ दिसतं. पिल्लू आहे आत्ता. तीस-पस्तीस मीटर. मी दोन तास बसलो, बाप भक्ष्य घेऊन येतानाचा फोटो मिळाला. वाट अशी: [मजकूर काढला आहे – धागाराखण]

धागाराखण

घरट्यांची जागा या धाग्यावर कुणीही लिहू नये. व्यनितही देऊ नये अशी विनंती. चर्चा चालू द्या.

दुर्बीण

झूमकुमार, प्रवचन वाटेल पण कायदा सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या आहे, कलम २(१६). पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटं विचलित करणं हेही त्या व्याख्येत येतं. गोळी झाडायची गरज नाही.

झूमकुमार

मी हातही लावला नाही. लांबून फोटो काढला. आणि अंजनेरीला रविवारी शंभर-शंभरच्या घोळक्याने ट्रेकर जातात, खांद्यावर स्पीकर, त्यांना कोण बोलतं? कॅमेरा दिसला की सगळ्यांना निसर्ग आठवतो.

येवलेकरीण

स्पीकरवाल्यांबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे गिधाडंही आहेत, आणि २०१७ पासून तेही संवर्धन राखीव आहे.

पण फरक आहे. ट्रेकर ओरडत का होईना, पुढे निघून जातो. तुम्ही दोन तास समोर बसलात. मोरघार थंडीत अंडी घालते, त्या दिवसांत आई उठून गेली की अंडी गार पडतात. पिल्लू मोठं झालं तरी कड्यावर दुपारचं ऊन असतं, सावली आईच्या पंखाची. "बाप भक्ष्य घेऊन आला" म्हणता. तो त्याआधी किती वेळ समोरच्या कड्यावर थांबून तुम्ही जायची वाट बघत होता, हे तुमच्या फोटोत दिसणार नाही.

आणि तुमच्यामागून उद्या दहा जण येणार. एकाने फोटो टाकला की दुसऱ्याला तोच हवा असतो, त्याच फांदीवरचा, त्याच कोनातून.

झूमकुमार

ठीक आहे. वाट काढून टाकलीत ते टाकलीत. घरटं टाळून अंजनेरीला फोटो काढायला तरी हरकत नाही ना?

दुर्बीण

अजिबात नाही, उलट उत्तम जागा आहे. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर वारा आदळतो आणि वर चढतो, त्यावर पक्षी पंख न हलवता तरंगत जातात. तुम्ही पठारावर असलात तर ते डोळ्यांच्या रेषेत येतात, कधी चक्क तुमच्या खाली. मोरघारीच्या पाठीवरचा पांढरा डाग खालून कधीच दिसत नाही, वरूनच दिसतो. मागे आकाशाऐवजी दरी. असा फोटो ४०० एमएमनेही होतो.

जंगलाच्या बाजूला काळा गरुडही दिसू शकतो. झाडांच्या शेंड्यांवरून इतका सावकाश जातो की पडेल असं वाटतं. दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी-पिल्लं शोधत असतो, म्हणून तो संथपणा.

एक अवांतर: बोरगडला जाणार असाल तर माथ्यावर हवाई दलाचं केंद्र आहे. त्या दिशेला ६०० एमएम रोखून उभे राहू नका, गरुड सोडून वेगळीच चौकशी सुरू होईल. देवळालीच्या लष्करी हद्दीतही तेच. आणि ड्रोनचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका.

सिडकोचा_राजा

माझ्या मनात होता. काढला.

उनाडवारा

मंडळी, काय बोलू! एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

नकाशावर मोजलं. माझं "१०० मीटरवरचं झाड" २८० मीटर निघालं. काका, 🙏.

बर्स्टची परीक्षाही केली. अकरा वाजताच्या फोटोंत गरुडाची कड प्रत्येक वेळी वेगळी वाकडी, म्हणजे हवाच. सकाळी पावणेआठच्या फोटोंत त्याच झाडावर तोच पक्षी, आणि फरक बघून बायकोसुद्धा म्हणाली, नवी लेन्स घेतलीस का लपून?

आता सेटिंग्ज सांगा. उडताना माझा प्रत्येक गरुड काळाच येतो.

गणितवाले_काका

आकाश उजळ, पक्षी गडद. कॅमेरा आकाशाला मोजतो आणि पक्ष्याला अंधारात ढकलतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ पासून सुरू करा, पांढरट ढगाळ आकाशात +१.७ सुद्धा लागेल. गरुड उतरत उतरत डोंगराच्या पार्श्वभूमीवर गेला की लगेच शून्यावर आणा.

मी मॅन्युअल मोडवर शटर आणि अॅपर्चर पक्कं करतो, आयएसओ ऑटो. उडत्याला १/२०००, बसलेल्याला १/५०० चालतं. तुमची लेन्स ६०० ला एफ ६.३ आहे, ७.१ किंवा ८ ला जरा तीक्ष्ण होते, प्रकाश असेल तर तेवढं बंद करा. आयएसओ १६०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

फोकस सतत चालणारा, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो. लेन्सवर फोकस लिमिटरची कळ असेल तर लांबच्या टप्प्यावर ठेवा, नाहीतर एकदा चुकला की समोरच्या गवतापर्यंत जाऊन परत यायला वेळ घेतो. आणि सापडत नसेल तर आधी ३०० वर झूम ठेवून पक्षी पकडा, मग ६०० ला जा.

लासलगावचा

उनाडवारा भाऊ शनिवारी आले होते. राम राम घातला. चहा झाला. बाभूळही दाखवली.

उनाडवारा

आणि तिथला फोटो खाली टाकतोय! गाडीतूनच, खिडकीवर उशी ठेवून. ओळखा. मला स्टेपी ईगल वाटतो. दुसरा फोटो तो उडाल्यावरचा.

सिडकोचा_राजा

घार आहे.

उनाडवारा

राजे, घार नाही हो 😡

दुर्बीण

राजांना हसू नका. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या घारी आपल्या गावच्या घारीपेक्षा मोठ्या असतात आणि पंखाखाली टोकाकडे पांढरट पट्टा असतो, भलेभले फसतात. पण घारीची शेपटी दुभंगलेली, आणि उडताना ती सुकाणूसारखी सतत वळवत असते. तुमच्या दुसऱ्या फोटोत शेपटी आखूड नि गोलसर आहे. घार नाही.

स्टेपी की टॉनी की मोठा ठिपक्यांचा गरुड, हा खरा प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्टेपीच्या तोंडाची फट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनीची डोळ्याच्या मध्यापर्यंतच. बरोबर आहे, पण ते साठ-सत्तर मीटरवर चालतं. लांबून पंखाखाली बघायचं. स्टेपीच्या लहान वयाच्या पक्ष्याला पंखाखाली मधोमध आडवा ठळक पांढरा पट्टा असतो, तो पाव किलोमीटरवरूनही दिसतो. तुमच्या फोटोत तो नाही. पक्षी एकूण फार गडद आहे, आणि पंखाच्या टोकाकडच्या पिसांच्या मुळाशी फिकट चंद्रकोर दिसतेय. तरंगताना पंख मनगटापासून किंचित खाली झुकलेत. मी मोठा ठिपक्यांचा म्हणेन. पाणथळाजवळ तोच जास्त शोभतो.

येवलेकरीण

माझंही मत तेच. मागच्या बाजूचा फोटो असेल तर पंखांवरचे पांढरे ठिपके दिसतात का बघा, वय कळेल. प्रौढांमध्ये ठिपके जवळजवळ जातात.

एक सांगू? पहिला, बसलेला फोटो तुम्ही फार कापलाय. मूळ फोटो टाका ना. पाठीमागे धुकं होतं ना तेव्हा?

उनाडवारा

मूळ हा घ्या. धुकं होतं, खाली कांद्याच्या रोपांवर फवारा चालू होता, मागे द्राक्षाच्या मांडवाची रांग. मला वाटलं तो सगळा पसारा आहे म्हणून कापला.

येवलेकरीण

अहो, हाच फोटो! पंख मोजायचे तर आंतरजालावर हजारो आहेत. मोठा ठिपक्यांचा गरुड निफाडच्या कांद्यावर बसलेला तुमच्याकडेच आहे. मी ममदापूरला हल्ली मुद्दाम २०० एमएमने काढते, माळ, काळवीट आणि वर एवढासा सापमार. शाळेतली मुलं त्या फोटोत गरुड शोधत बसतात, नुसत्या चोचीच्या फोटोला "छान आहे बाई" म्हणून पान उलटतात.

गणितवाले_काका

पिक्सेलच्या दृष्टीने पक्षी ४८० वगैरे असेल. तरी मान्य. चांगला आहे.

झूमकुमार

मलाही आवडला. मागची तार क्लोन करून काढा फक्त.

लासलगावचा

तार राहू द्या. आमचीच आहे.

येवलेकरीण

तारेवरून आठवलं. संक्रांत जवळ आली. येवल्यात भोगी-संक्रांत-कर असे तीन दिवस आकाशात पतंगच पतंग असतात, आणि हिवाळी पाहुणेही याच दिवसांत इथे. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी झाडांवर लोंबकळताना दिसतो. त्या आठवड्यात कॅमेऱ्यासोबत गाडीत एक पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी चादर ठेवा. अडकलेला शिकारी पक्षी दिसला तर मांजा ओढू नका, चादर टाकून डोळे झाका, पायांच्या नख्यांपासून सांभाळा, पाणी पाजत बसू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

उनाडवारा

नोंदवून घेतलं, ताई. शेवटचा प्रश्न, मग थांबतो. खिडकीवरची उशी घसरते. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, विकत घेऊ की शिवू? आणि आत काय भरू?

दुर्बीण

जुन्या जीन्सचा पाय कापा, दोन्ही तोंडं शिवा. आत ज्वारी किंवा तांदूळ. वाळू नको, शिवणीतून गळते आणि लेन्सच्या झूम रिंगमध्ये जाते. थर्माकोलचे मणी हलके असतात पण ६०० एमएमला दबतात. पूर्ण गच्च भरू नका, दोन तृतीयांश पुरे, म्हणजे काचेच्या कडेवर खोगिरासारखी बसते.

सिडकोचा_राजा

ज्वारी भरली नि उंदरांनी कुरतडली तर?

दुर्बीण

मग उंदीर खाणाऱ्या कापशी घारीचा फोटो काढायला लांब जायला नको.

उनाडवारा

😂 ज्वारी ठरली. येत्या रविवारी चापडगावला जातोय, पहाटे साडेपाचला द्वारका सर्कलवरून निघणार. गाडीत दोन जागा आहेत. राजे, पी९०० घेऊन येताय का?

सिडकोचा_राजा

येतो. पण साडेपाच म्हणजे पाच वाजून तीस, हे आत्ताच लिहून ठेवा. मागच्या ट्रेकला साडेपाचचे सव्वासात झाले होते आणि तेव्हा हवा थरथरायला लागली होती, असं आता म्हणता येईल.